पोटाकडचं कातडं

३ फेब्रुवारी

वहिनींस,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला, असं समजा. फोनवर आपलं बोलणं चार वाक्यांपुढे जात नाही, पाचव्याला कुणीतरी फोन आपटतं. बहुतेक तुम्हीच. म्हणून पत्र लिहायला घेतलं.

कातड्याच्या वस्तू करणाऱ्यांसाठी सरकारने नवा नियम काढला आहे. दुकान केवढंही असो, विक्रीवर कर, दर महिन्याला विवरणपत्र आणि कामाच्या खोलीला दोन दारं. माझ्या मागच्या खोलीला दुसरं दार पाडलं तर ते शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उघडेल. शिवाय कातड्याची तपासणी. दर खेपेच्या मालातून, मधोमध, तळहाताएवढा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवायचा. मोठा कारखाना एका खेपेला पाचशे कातडी उचलतो, त्याला एक तुकडा. मी एका खेपेला एक कातडं आणतो, मलाही एक तुकडा. मधोमध भोक पडलेल्या कातड्याची मी बॅग करू की चाळण करू, असं कचेरीत विचारलं. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे.

यातून सुटका एकच. 'हस्तकारागीर' असं कार्ड मिळालं की यातलं काही लागू होत नाही. कार्ड कुणाला, तर जो एकटा, स्वतःच्या हाताने, अख्खी वस्तू करतो त्याला. दोघांनी मिळून केली की तो कारखाना. म्हणजे मी इथे कातडं कापून तुकडे तुम्हाला पाठवतो आणि तुम्ही तिकडून बॅगा शिवून पाठवता, हे कागदावर दिसलं की माझं एवढंसं दुकान कारखाना झालं.

तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. त्यात एवढंच लिहिलं आहे, की तुम्ही घरकाम करता, तुम्हाला कातडं शिवता येत नाही आणि माझ्या दुकानाशी तुमचा काही संबंध नाही. कार्ड माझ्या नावाने निघालं की सगळं पूर्वीसारखं चालू राहील. दादा गेल्यावर तुमचं घर कुणामुळे उभं राहिलं, ते मी बोलून दाखवत नाही.

आपला,
दीर

९ फेब्रुवारी

भाऊजी,

बोलून दाखवलं नाहीत, लिहून दाखवलंत.

तुमच्या कागदावर सही केलेली नाही. फाडणार होते, पण मागची बाजू कोरी निघाली, म्हणून हे पत्र त्यावरच लिहिते आहे. कागद जाड आहे. माझ्या तोंडाला पानं पुसायला इतका भारी कागद वापरलात, बरं वाटलं.

मला कातडं शिवता येत नाही? तुमच्या दुकानाच्या काचेत टांगलेली एक तरी बॅग दाखवा, जिच्यात एक तरी टाका तुमचा आहे. गिऱ्हाइकाला सांगता, 'आमच्या घराण्याचा हात आहे.' घराणं तुमचं असेल. हात माझा आहे, आणि तोही डावा.

मामंजींनी थोरल्या मुलाच्या हातात सुई दिली आणि धाकट्याच्या हातात रापी. कापणाऱ्याने शिवायचं नाही, शिवणाऱ्याने कापायचं नाही. भाऊ कितीही भांडले तरी वेगळे होऊ शकणार नाहीत, असं त्यांचं गणित. ह्यांनी आजारपणात सुई मला दिली, शिकवली, म्हणून ते गणित अजून चाललं आहे. नाहीतर तुम्ही आज नुसते तुकडे विकत बसला असता.

दुकान तुमचं, पाटी तुमची, गल्ला तुमचा. आता माझे हात मुळात नाहीतच असं मी लिहून द्यायचं म्हणता. जमणार नाही. काल इथल्या कचेरीत जाऊन मी माझ्या नावाने कार्डाचा अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, 'व्यवसाय काय लिहू?' इतकी वर्षं अशा खिडक्यांवर 'घरकाम' सांगत आले. काल 'कातड्याच्या बॅगा करते' असं सांगितलं. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, गुपचूप लिहून घेतलं. मला घरी येईपर्यंत हसू येत होतं.

तुमच्या दादांची बायको

१६ फेब्रुवारी

वहिनी,

अर्ज दिलात, छान केलंत. रापीची धार कुठल्या बाजूला असते ते तरी माहीत आहे का? अख्खं कातडं समोर टाकलं तर त्याचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे, हे सांगता यायचं नाही तुम्हाला. मी आखतो, कापतो, भोकांच्या खुणा करून पाठवतो. त्या खुणांवरून तुम्ही सुई नेता आणि स्वतःला कारागीर म्हणवून घेता.

तुमचा पारा चढला असेल. चढू दे. आता पुढचं डोकं शांत ठेवून वाचा.

आमच्या कचेरीतल्या साहेबांना कातड्याचा वास सोसत नाही. ते नाकातोंडाला रुमाल लावूनच बोलतात, त्यामुळे निम्मं ऐकू येत नाही. जे आलं ते असं, की कार्डासाठी परीक्षा आहे. अख्खं कातडं देणार. त्यांच्या डोळ्यांसमोर एकट्याने खांद्याला लावायची बॅग करायची, कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. मग तिच्यात वजन भरून टांगून ठेवणार. पट्टा ताणला किंवा शिवण उसवली की नापास, आणि नापास म्हणजे कारखाना.

म्हणजे तुम्ही कापण्यात आपटणार आणि मी शिवण्यात. बाबांचं गणित बाबांबरोबरच गेलं.

तर व्यवहाराचं बोलू. तुम्ही मला शिवणं लिहून कळवा, मी तुम्हाला कापणं लिहून कळवतो. तुमच्या पुढ्यात बसून शिकायला मी तिकडे येणार नाही, आणि माझ्या दुकानात पाऊल ठेवणार नाही असं तुम्हीच चारचौघांत सांगून ठेवलं आहे. दोघांनाही कार्ड मिळालं तर तुमचा रस्ता वेगळा आणि माझा वेगळा. पुन्हा एकमेकांचं तोंड बघायला नको. यात प्रेमाचा काही भाग नाही, हे वेगळं सांगत नाही.

दीर

२२ फेब्रुवारी

भाऊजी,

तोंड बघायला नको, या एका वाक्यासाठी मी कबूल आहे. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्या मनातलं बोललात.

शिवणं असं. दोरा एक, सुया दोन, दोन्ही टोकांना एकेक. दोऱ्याला मेण दोनदा लावा, आळस करू नका. कातडं लाकडी चिमट्यात धरून चिमटा गुडघ्यांत दाबून बसा. आरी उजव्या हातात. खुणेवर भोक पाडताना ती सरळ नको, जरा तिरकी धरा, म्हणजे टाके एका बाजूला कललेले दिसतात. आधी डाव्या हातातली सुई पलीकडून अलीकडे आणा. हातभर दोरा आला की थांबा. मग त्याच भोकात उजव्या हातातली सुई घाला, पहिल्या दोऱ्याच्या खालून. ही दुसरी सुई जाताना पहिला दोरा स्वतःकडे ओढून धरा. नाही धरलात तर सुई दोऱ्यातूनच आरपार जाते आणि मग टाका कधीच आवळत नाही. शेवटी दोन्ही हातांनी एकदम ओढायचं, सारख्या जोराने. तुमच्या स्वभावाला हे 'सारख्या जोराने' जड जाईल.

सुई बोटात जाईल. बोटं सुजतील. मला त्याचं मुळीच वाईट वाटणार नाही.

जसं लिहिलं आहे तसंच करा, स्वतःची अक्कल पाजळू नका. माझी परीक्षा तुमच्या आधी आहे, तेव्हा कापण्याचं लवकर कळवा.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. डावखुऱ्या बाईने पाठवलेला धडा आहे, बघून घ्यावा लागेल.

कापणं असं. कातडं जमिनीवर पसरा, गुळगुळीत बाजू वर. उजेडात बसा. सगळीकडून हात फिरवा, जिथे ओरखडे किंवा जुन्या जखमेचा वण लागेल तिथे खडूने खूण करा. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ मारा, ती पाठ. दोन्ही कडांना लोंबतं ते पोट. बॅगेची पुढची बाजू, मागची बाजू आणि झाकण पाठीतून काढा. रापी एका दमात चालवा, मध्ये थांबलात की कडेला दात पडतात. नवखी माणसं हातात जोर आणतात. जोर खांद्यातून यायला हवा.

पट्टा मात्र पोटाकडून काढायचा. तिथलं कातडं मऊ असतं, खांद्याला रुतत नाही. तुम्ही म्हणाल, माझ्याकडे येणारे पट्टे तर कडक असतात. ते मी कापल्यावर भिजवून, ठोकून, सावलीत वाळवतो म्हणून. परीक्षेत तेवढा वेळ मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही.

बाबांनी शिकवलेलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, याची जाणीव ठेवा.

दीर

११ मार्च

भाऊजी,

काल परीक्षा झाली. तिघेजण ओळीने खुर्च्या टाकून बसले होते, लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखे. एकाने मला विचारलं, 'बाई, तुमचं मशीन बाहेर राहिलं का?' दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसून अर्जावरचा 'हस्तकारागीर' हा शब्द दाखवला.

कातडं पसरलं. तुमचं पत्र मला तोंडपाठ झालं आहे. रेघ मारली, हात फिरवला, मानेजवळ एक वण सापडला तोही तुम्ही म्हणालात तसाच बोटांना लागला. रापी चालवली, आणि भाऊजी, कड सरळ आली. आयुष्यात पहिल्यांदा मी कातडं कापलं आणि कड सरळ आली! मामंजी आणि तुम्ही इतकी वर्षं हे काय सुख दोघंच घेत होता, ते कळलं.

पट्ट्यासाठी पोटाकडे वळले तेव्हा जरा थांबले. हाताला फारच लुसलुशीत लागत होतं, ओढलं तर पुढे येत होतं. मनात पाल चुकचुकली. मग म्हटलं, हा माणूस बाकी कशातही खोटं बोलेल, कातड्याच्या बाबतीत बोलणार नाही. शेवटी मामंजींच्या हाताखाली शिकला आहे. आणि कापला.

शिवण तर नेहमीसारखीच झाली. बॅग आता तिथे खुंटीला टांगली आहे, आत लोखंडाची वजनं. परवा बोलावलं आहे.

मला तुमचे आभार मानायचे आहेत. लिहिताना पेन अडतंय, पण मानते. परीक्षेला जाण्याआधी दोन दिवस सराव थांबवा, म्हणजे बोटांची सूज उतरेल. आणि तिथे कुणी काही विचारलं तर उत्तर देत बसू नका, टाका चुकतो.

वहिनी

१८ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. आभार वगैरे राहू द्या.

कचेऱ्यांचा भरवसा नसतो. फार आशा लावून बसू नका. समजा तुमचं नाही झालं आणि माझं झालं, तरी बिघडत नाही, तुम्ही पूर्वीसारखं शिवून पाठवा. कुणाला पत्ता लागणार नाही. मजुरीही जरा वाढवून देईन.

माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात. सराव चालू आहे. जास्त लिहीत नाही, बोटांत पेन धरवत नाही.

दीर

५ एप्रिल

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही नापास झालात हे आमच्या कचेरीत कळलं. मीही झालो. अभिनंदन, तुमच्या मनासारखं झालं.

केसाने गळा कापलात माझा. मला पहिल्यापासून संशय होता. डावखुऱ्या बाईने लिहिलेलं उजव्या माणसाने उलटंच करायला हवं, इतपत मला कळतं. वर 'जसं लिहिलं आहे तसंच करा' असं बजावलंत, तेव्हा तर खात्रीच पटली. तुम्ही लिहिलंत डावी सुई आधी, मी उजवी आधी घातली. तुम्ही लिहिलंत दोऱ्याच्या खालून, मी वरून घातली. आणि तरीही दर टाक्याला सुई दोऱ्यातून आरपार. आवळता आवळेना. सरावातही असंच व्हायचं, मला वाटलं, सुजलेल्या बोटांमुळे होतंय. साहेबांनी शिवणीत लाकडी पट्टी सरकवली, ती सरळ पलीकडे निघाली. तेव्हा त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि हसले. इतक्या खेपा घातल्या, त्यांचं तोंड त्या दिवशी पाहिलं. वजन टांगायची वेळच आली नाही.

उलट केलं तरी चुकावं असं काय लिहून ठेवलंत हो त्यात? एवढं डोकं चालवून कुणी घरच्या माणसाला बुडवतं का?

माझं दुकान कारखान्यात धरलं आहे. कर चढवून बॅग विकायची तर ती खऱ्या कारखान्याच्या बॅगेपेक्षा महाग पडते. गिऱ्हाईक किंमत ऐकून दारातूनच मागे फिरतं. विवरणपत्र भरणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि वर मलाच रागावतो. शेजारी दार पाडू देत नाही. मागच्या सोमवारी दुकानाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या जावेने विचारलं, 'आता तुम्ही दिवसभर घरातच असणार का?'

मला कापण्याशिवाय काही येत नाही, या वयात येणारही नाही. तुमच्याकडे कातड्याचा मोठा कारखाना आहे असं ऐकतो. तिथे कापणाऱ्याला काम असेल तर शब्द टाका. उपकार म्हणून मागत नाही. कितीही भांडलो तरी नातं आहे.

दीर

१४ एप्रिल

भाऊजी,

उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सुचलं आहे.

मला बोलावलं त्या दिवशी मी गेले, तर बॅग जमिनीला टेकली होती. पट्टा वीतभर लांब झाला होता, मधे बारीक होऊन पिळवटला होता. त्या तिघांतले एक वयस्कर गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, शिवण इतकी सुरेख आहे, मग पट्टा पोटाकडून कसा काढलात? पट्टा नेहमी पाठीतून काढतात.' मी म्हटलं, मला असंच शिकवलं. ते म्हणाले, 'शिकवणाऱ्याला येत नसणार.' मी त्यांना सांगितलं नाही, की त्याला फार चांगलं येतं.

आता तुमच्या गळ्याविषयी. मी डावखुरी आहे हे मला जन्मापासून माहीत आहे. तुम्ही डावखुरे नाही हेही माहीत आहे. म्हणून त्या दिवशी मी आरी उजव्या हातात धरली आणि उजव्या माणसासारखी शिवत बसले. एक टाका घालायचा, कुठला हात आधी गेला ते लिहायचं, मग पुढचा टाका. माझी उजवी बोटं कधी सुईला सरावलेली नाहीत, ती फुटली. पत्राच्या कोपऱ्यात डाग होता, तो बघितला असेल तर शाईचा वाटला असेल. पाठवण्याआधी सगळं पुन्हा एकदा उजव्या हाताने करून पाहिलं, एखादा शब्द चुकून तुमचा टाका बिघडू नये म्हणून. लिहिलं होतं तसं केलं असतंत, तर आज तुमच्या खिशात कार्ड असतं.

खोटं लिहावं असं माझ्याही मनात आलं होतं. मी काही देवी नाही. पण चुकीचा टाका लिहायला हात उठेना. तुमचा कसा उठला, याचा मी महिनाभर विचार करते आहे. तुम्हाला मला वेगळं होऊ द्यायचं नव्हतं, माझे हात तुमच्या खुंटीला टांगून ठेवायचे होते, हे आता समजतं. तुमचं अठरा तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मजुरी वाढवून देणार होतात.

सरकारला शिव्या द्या, मीही देते. ज्याने हा नियम लिहिला त्याने कातडं कधी जवळून पाहिलेलं नाही, आणि दोघांच्या हातांनी होणारं काम तो एकाकडून मागतो. त्याच्यामुळे माझं काम गेलं, तुमचं दुकान गेलं. पण तो मला ओळखत नाही. त्याने मला वहिनी म्हणून पत्र लिहिलं नव्हतं.

कारखान्याचं तुम्ही बरोबर ऐकलंत. मी या महिन्यापासून तिथेच जाते. भारी किमतीच्या बॅगांची शिवण ते हाताने करून घेतात. विवरणपत्रांसाठी तिथे एक अख्खी खोली आहे आणि दारं तर मोजायला नकोत. दिवसभर मान वर करता येत नाही, बोलायला बंदी आहे आणि बॅगेवर छाप त्यांचा पडतो. तुमच्या दुकानात तरी काय वेगळं होतं म्हणा.

काल मुकादम माझ्या टेबलापाशी आला. त्यांचा जुना कापणारा सोडून गेला आहे आणि कातडी पडून आहेत. पगार माझ्याहून बराच जास्त, वर राहायला खोली. तो म्हणाला, 'बाई, तुमचं सासर याच धंद्यातलं ना? तुमच्या ओळखीत एखादा कापणारा आहे का?'

मी म्हटलं, माझ्या ओळखीत कुणी नाही.